बिनपगारी तांडेल: काम कुठवर आलं

नव्याने आलेल्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. बिनपगारी तांडेल (तांडेल म्हणजे बोट चालवणारा) हे आपण शिडाच्या बोटीवाल्यांनी गप्पांत मिळून रचलेलं यंत्र आहे, बाजारात शोधू नका. पावसाळ्यात बोटी झाकून ठेवलेल्या, हाताला काम नाही, तेव्हा मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेल्या काकांनी विषय काढला: सुकाणू धरणारा, जेवण न मागणारा, शिमग्याला गावी न जाणारा तांडेल मिळाला तर काय बहार येईल! मग काय, जो तो भर घालत गेला. मालवणच्या ताईंनी त्याला कंठ दिला. कुणाच्या जाळ्याजवळ गेलो की तो आपणहून ओरडणार, "थंय जाळां आसत, बोट भायर घे!" पुण्याहून येणाऱ्या दादांची ओहोटी दर वेळी हुकते, म्हणून त्यांनी ओहोटी अर्धा तास थोपवणारा खटका मागितला. कुणी चहाची किटली लावली. बॅटरी गप्पांवर चार्ज होणार असं एकमताने ठरलं. काकांची शेवटची अट: तांडेलाने मालकाच्या शिडाला नावं ठेवायची नाहीत.

मी तेव्हापासून म्हणतोय की या यादीतलं पहिलं काम, सुकाणू धरणं, हे खरोखर जमण्यासारखं आहे, आणि तेही वायर, मोटर, बॅटरी यांच्याशिवाय. यंदा थंडी सुरू झाल्यापासून त्याच्याच मागे आहे. तांडेल आता आपली बोट एका दिशेला धरून ठेवतो. म्हणून हा सविस्तर मजकूर.

हे वेड जुनं आहे. जोशुआ स्लोकम यांनी 1895 ते 1898 या काळात 'स्प्रे' या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कोकोस कीलिंग बेटांपर्यंतच्या 23 दिवसांत ते एकूण तीन तासांपेक्षा जास्त सुकाणूवर बसले नाहीत. यंत्र काहीच नव्हतं. 'स्प्रे'चा तोल असा होता की सुकाणू बांधून ठेवलं तरी ती वाट सोडत नसे. पुढे 1960 च्या पहिल्या एकट्याने अटलांटिक ओलांडण्याच्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर वाऱ्यावर फिरणारं पातं सुकाणूला जोडून उतरले. फ्रान्सिस चिचेस्टर यांनीही तसंच पातं लावलं होतं, त्याचं नाव त्यांनी 'मिरांडा' ठेवलं आणि 40 दिवसांत शर्यत जिंकली. म्हणजे यंत्राला नाव देऊन त्याच्याशी माणसासारखं वागणं आपल्या आधीपासून चालत आलंय. आपले अभिलाष टॉमी 2022 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत दुसरे आले. तिथे इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असते, सगळी भिस्त वाऱ्याच्या पात्यावर. ती पाती मोडत गेली तेव्हा त्यांनी बोटीतल्या शौचालयाच्या दाराची फळीही त्या कामी लावली. ही गोष्ट मला त्या शर्यतीतल्या कुठल्याही वादळापेक्षा जास्त आवडते.

माझी बोट 14 फुटी, मरीन प्लायची. तिच्या मागच्या फळीवर पातं, दांडा, गिअर हे सगळं बसवलं तर तिचा पार्श्वभाग पाण्यात बसेल. म्हणून मी दुसरी, त्याहून साधी वाट धरली: मेनशीटनेच (मोठं शीड आवळायची-सोडायची दोरी) टिलर (सुकाणूचा दांडा) हलवायचा.

तत्त्व असं. वारा जोराचा आला की शीड ओढतं, मेनशीटवर ताण येतो आणि बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवू बघते. आपण बसलेलो असतो तेव्हा टिलर वाऱ्याच्या बाजूला ओढून तिला आवरतो. तेच काम शीटच्या ताणाकडून करून घ्यायचं. मेनशीटला एक बारीक दोरी बांधायची, ती वाऱ्याच्या बाजूच्या काठावरच्या कप्पीतून टिलरपर्यंत आणायची. टिलरच्या दुसऱ्या बाजूला, वारा नसलेल्या काठाकडे, रबर. ताण वाढला की दोरी टिलर ओढते आणि बोट वाऱ्यापासून दूर वळते. ताण उतरला की रबर टिलर परत नेतं आणि बोट पुन्हा वाऱ्याकडे वळते. शीड नेहमीपेक्षा किंचित आवळून ठेवायचं, नाहीतर नाळ वाऱ्याकडे गेली की शीड फडफडायला लागतं, ताण नेमका नको तेव्हा उतरतो आणि सगळा हिशेब उलटा होतो.

सगळी करामत रबरात आहे. सामान बांधायची हुकवाली इलॅस्टिक दोरी घेऊ नका. तिच्यावर कापडी विणीचं आवरण असतं, ती थोडी ताणली की एकदम ताठ होते आणि टिलर अडकून बसतो. लागते ती लॅटेक्सची पिवळसर नळी, रक्त काढताना दंडाला बांधतात ती. सर्जिकल दुकानात मीटरवर मिळते. ती मूळ लांबीच्या दुप्पट ताणली तरी ओढ हळूहळू वाढते, आणि हेच हवंय. उन्हात मात्र ती चिकट होते, मग तिला बारीक तडे जातात. काम झालं की काढून गोड्या पाण्यात धुवायची, सावलीत ठेवायची.

टिलरवर मी पेन्सिलीने बोटाबोटाच्या अंतरावर खुणा केल्या आहेत आणि लाकडी खुंटी एका खुणेवरून दुसरीवर सरकवता येईल अशी ठेवली आहे. खुंटी सुकाणूच्या जवळ नेली की तेवढ्याच दोरीत टिलर जास्त फिरतो, पण ओढायला जोर लागतो. टोकाकडे नेली की उलट. मधल्या खुणेच्या थोडं मागे जागा सापडली. तिथे टिलर जेमतेम दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, असा सतत हलत राहतो. जवळून बघितलं तर नळी आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी दिसते, आणि प्रत्येक झुळुकीला आधी कप्पी कुरकुरते, मग टिलर सरकतो.

चाचणी कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या बाजूने. सकाळचा मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा) वारा पडला की मधे पाणी तेलासारखं होतं, तेव्हा तांडेलाकडून काही अपेक्षा नको, ओढायला ताणच नसतो. दुपारी वायव्येकडून खारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, वारा भरला की कामाला लागायचं. नाळ कोर्लईच्या किल्ल्याकडे, वारा उजव्या कुशीवर, आणि हात मांडीवर! बोट सरळ रेषेत जात नाही, थोडी डावी-उजवी करत जाते, पण किल्ला नाळेसमोरून हटत नाही. काका सोबत होते. बोट कशी जाते ते त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे, माझ्या हाताखालचे कितीतरी जण यापेक्षा वाकडे जायचे." आपल्या तांडेलाला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि ती काकांकडून!

वारा मागून असला की ही रचना कुचकामी आहे. शीटचा ताण बदलत नाही, आणि शीड अचानक दुसऱ्या बाजूला फेकलं गेलं तर बूम (शिडाखालचा आडवा वासा) डोक्यात बसेल. तिथे टिलर आपल्याच हातात हवा. छोट्या बोटीत बसायची जागा बदलली तरी तोल बदलतो, त्यामुळे आधी माणसांनी स्थिर बसायचं, शीड जमवायचं, हाताला टिलर हलका लागू द्यायचा, आणि मगच दोरी जोडायची. जी बोट हाताला जड लागते ती रबराने सुधारत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. स्वतः चालणारी बोट ही पाण्यात पडलेल्या माणसासाठी थांबत नाही. ती शहाण्यासारखी तुम्हाला सोडून निघून जाते. म्हणून लाइफ जॅकेट तर हवंच, शिवाय एकटे असाल तर बोटीला बांधलेला पट्टा अंगावर हवा. दोरीची टिलरकडची गाठ एका झटक्यात सुटणारी ठेवा. खाडीत होड्यांची ये-जा असते, जाळी असतात, नजर समोरच हवी. ताईंचा आवाज अजून बसवलेला नाही, तोवर डोळे आपलेच.

पुढचं काम जिबचं, म्हणजे नाळेकडच्या छोट्या शिडाचं. जिबच्या शीटवरून टिलर हलवला तर वाऱ्याच्या जवळून जाताना तांडेल जास्त बरा चालेल असा माझा अंदाज आहे, पण माझ्या बोटीला एकच शीड. ज्यांच्याकडे जिब आहे त्यांनी होळीच्या आत करून बघा, आणि नळी किती जाड घेतली, किती ताणली, खुंटी टिलरवर कुठे ठेवली हे मोजून लिहा. चहाच्या किटलीचं काम दादांनी अंगावर घेतलंय. तिला हेलकाव्यात सरळ ठेवणारी टांगती कडी कशी करायची, याचं चित्र ते पाठवणार आहेत.