दूध, पण न उकळलेले

दूध तापवणे म्हणजे ते वर येईपर्यंत तापवणे, अशी आपल्या स्वयंपाकघरांची पक्की समजूत आहे. पिशवीतले दूध पाश्चराइज केलेले असते हे ठाऊक असूनही सकाळी ते पातेल्यात ओतले जाते, काठापर्यंत फुगून येते, कोणीतरी धावत जाऊन गॅस बंद करते आणि त्या दिवसापुरती सायीची बेगमी होते. या शिस्तीत चहा उत्तम होतो, बासुंदी होते, विरजणही छान लागते. हॉट चॉकलेट मात्र काही केल्या कॅफेतल्यासारखे होत नाही. उकळत्या दुधात कोको टाकला की त्याच्या गुठळ्या होतात, त्या चमच्याने पेल्याच्या कडेला दाबून फोडाव्या लागतात, आणि तोवर वर सायीचा पापुद्रा धरलेला असतो. पुण्यातल्या आमच्या घरी विजेवर चालणारा मिल्क फ्रॉदर, म्हणजे दूध तापवता तापवता फेसाळणारे भांडे, आला तेव्हा या यंत्राचा सर्वांत मोठा गुण लक्षात आला: ते दूध उकळू देत नाही.

तांब्याएवढे हे भांडे आतून नॉनस्टिक असते आणि त्याच्या तळाशी एका बारीक खुंटीवर तारेच्या वेटोळ्याची चकती बसवलेली असते. चकतीला ना वायर, ना दांडा; तळाखालचे लोहचुंबक फिरते आणि त्याच्या ओढीने ती वरच्या दुधात गरगरते. दोन-तीन मिनिटांत दूध साधारण साठ-पासष्ट अंशांवर पोहोचते आणि यंत्र आपणहून थांबते. या तापमानाला मोठा अर्थ आहे. दुधातली प्रथिने हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ कवच धरतात म्हणून फेस टिकतो. दूध सत्तरच्या बरेच पुढे गेले की फेस जाडाभरडा होतो आणि दुधाला उकळल्याचा तो ओळखीचा वास येऊ लागतो. म्हणून दूध फ्रीजमधले, गार घ्यावे, म्हणजे ते तापेपर्यंत घुसळायला पुरेसा वेळ मिळतो. आणि सकाळी उकळून ठेवलेले असेल तर ते न विसरता गाळून घ्यावे, कारण साय त्या तारेच्या वेटोळ्याला अशी काही गुंडाळली जाते की चकती जागच्या जागी थरथरत राहते.

कोको दुधात विरघळत नाही, तो तरंगत राहतो, आणि या पेयाचा सारा इतिहास त्याला तरंगत ठेवण्याच्या खटपटीचा आहे. कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते. मेक्सिकोत पूर्वी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरून पेयाला फेस आणत. पुढे स्पॅनिश अमलाच्या काळात ‘मोलिनियो’ नावाचे, कोरीव कड्यांचे लाकडी साधन रूढ झाले, जे दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवतात. म्हणजे आपली रवीच ती, फक्त दोरीवाचून. १८२८ साली अॅमस्टरडॅमच्या फान हाउटेन कुटुंबाने बीमधली बरीचशी चरबी दाबून काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि आज डब्यात मिळते तशी कोको पावडर शक्य झाली. तरीही उरलेल्या चरबीमुळे ती कोरडीच दुधावर टाकली तर पाणी अंगाला लागू देत नाही. त्यामुळे दोन चमचे कोको आणि साखर आधी थोड्या गरम दुधात कालवून त्याची गुळगुळीत पेस्ट करावी आणि मग ती यंत्रात ओतावी. कोरडी पावडर नेमकी खुंटीभोवती जाऊन बसते.

ब्रिटनमध्ये ‘हॉटेल शोकोला’ या कंपनीने २०१८ साली ‘व्हेल्व्हेटायझर’ नावाचे यंत्र खास चॉकलेटसाठी आणले, आणि त्यात पावडरऐवजी खिसलेले चॉकलेट घालतात. आपल्याकडचे फ्रॉदर कॉफीच्या फेसासाठी म्हणून विकले जातात, पण हे कामही ते बिनतक्रार करतात. मात्र चॉकलेटची वडी विकत घेताना मागची बारीक अक्षरे वाचावीत. केकवाल्यांच्या दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या ‘कंपाउंड’मध्ये कोको बटरच्या, म्हणजे बीमधल्या मूळ चरबीच्या जागी दुसरे वनस्पती तेल असते, ते वितळते झकास, पण पिऊन झाल्यावर टाळूला मेणासारखे चिकटून राहते. डबाबंद ड्रिंकिंग चॉकलेटमध्येही बहुतेक वेळा सर्वांत मोठा वाटा साखरेचा असतो, आणि साखर आपल्या घरी आधीच असते.

आता स्वस्ताईचा हिशेब. पेलाभर दूध बारा-पंधरा रुपयांचे, कोको जवळपास तेवढ्याचाच, साखर रुपयाभराची. पाचशे वॅटचे यंत्र तीन मिनिटे चालले तर युनिटचा चाळिसावा भाग वीज लागते, म्हणजे दहा रुपये युनिट धरले तरी चार आणे. पस्तीस रुपयांच्या आत जे होते त्याला कॅफेत अडीचशे मोजावे लागतात, तेव्हा दोन-अडीच हजारांचे यंत्र डझनभर पेल्यांत फिटते. हे गणित मी घरी मोठ्या आत्मविश्वासाने मांडतो. त्यात एवढीच खोच आहे की कॅफेत जाऊन डझनभर पेले आम्ही कधीच प्यायलो नसतो. घरात यंत्र आहे म्हणून पितो. ज्याला फक्त काटकसर साधायची आहे, त्याने दोन-तीनशे रुपयांची, सेलवर चालणारी हातातली घुसळणी घ्यावी आणि दूध गॅसवर बोट सोसेल त्याहून थोडे जास्त तापवावे. पेयात फार फरक पडत नाही. फक्त लक्ष ठेवून उभे राहावे लागते.

यंत्राला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे इटालियन पद्धतीचे चमच्याने खाण्याजोगे दाट चॉकलेट. त्यात कॉर्नफ्लोर लागते, आणि ते नीट शिजायला दूध खदखदावे लागते, म्हणजे पुन्हा पातेले आणि पळी. यंत्रातला दाटपणा चॉकलेटच्याच वजनावर येतो. दोनशे मिली दुधाला पंचवीस-तीस ग्रॅम उत्तम काळे चॉकलेट घातले की पुरे. चवीला चिमटीत मावेल त्याहूनही कमी मीठ घालावे, आणि वरून जायफळ किसावे. मेक्सिकोत दालचिनी घालतात, तीही चांगली; पण ज्या घरात कॉफीत जायफळ पडते तिथे चॉकलेटने वेगळा न्याय का मागावा?

धुण्याचे काम मात्र लगेच करावे, कारण वाळलेला कोको खरवडायला गेले की नॉनस्टिकचा थर निघतो. भांड्याच्या बुडाला विजेचे जोड असतात, म्हणून ते नळाखाली आडवे धरून फक्त आतून विसळायचे, घासणीला हात लावायचा नाही. आणि ती चकती आधी काढून बाजूला ठेवायची. ती चुंबकाची असल्यामुळे एखाद्या चमच्याला, गाळणीला, चुंबक धरणारे जे सापडेल त्याला चिकटते, आणि पुढच्या वेळी दूध ओतून झाल्यावर सगळे घर तिला शोधत असते.