जेमेल्लीचे अंगण, पेत्रुसाचा चौक, सांता मारिया माज्जोरे : रोममधला एक दिवस

पोप फ्रान्सिस 14 फेब्रुवारी ते 23 मार्च 2025 असे 38 दिवस रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात होते. त्या काळात लोक जिथे जमत होते ती ठिकाणे आणि नंतरची त्यांची समाधी, सगळे मेट्रोच्या ए मार्गाच्या आधाराने एका दिवसात होते. क्रम मात्र घटनांचाच ठेवा.

वाले आउरेलियाला मेट्रो सोडून एफएल 3 लोकल धरायची. आपियानो, बाल्दुइना, की जेमेल्ली. दीड युरोचे तिकीट 100 मिनिटे चालते, पण मेट्रोच्या फाटकाबाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा मेट्रोत शिरता येत नाही. परतीचे वेगळे घ्या. कागदी तिकिटावर लोकलमध्ये चढण्याआधी यंत्रात शिक्का मारा, नाहीतर दंड ठरलेला.

रुग्णालयाच्या दारासमोर आधीचे पोप दुसरे जॉन पॉल यांचा पुतळा आहे. मेणबत्त्या, फुगे, मुलांनी काढलेली चित्रे साचली ती त्याच्या पायाशी. 1981 मध्ये गोळी लागल्यावर त्यांना इथेच आणले होते, पुढेही इतके वेळा यावे लागले की ते गमतीने याला ‘तिसरे व्हॅटिकन’ म्हणत. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना इथली चित्रे लगेच उमगतील. पोप फ्रान्सिस यांची खोली दहाव्या मजल्यावर होती. तिकडे जायची विचारणा करू नका. रुग्णालय चालू आहे, तेव्हा रुग्णवाहिकांची वाट अडवायची नाही आणि रुग्णांचे फोटो तर अजिबात नकोत.

पोपच्या प्रकृतीची बातमी सकाळी एका ओळीत यायची, तपशील संध्याकाळी. 22 फेब्रुवारीला दम्यासारखा झटका आला, रक्त द्यावे लागले. मधल्या रिकाम्या तासांत अफवा पिकल्या, एआयने बनवलेली चित्रेही फिरली. दाखल झाल्यानंतरचे पहिले अधिकृत छायाचित्र 16 मार्चचे, रुग्णालयातल्या चॅपेलमधले (प्रार्थनेच्या खोलीतले), आणि त्यात चेहरा धड दिसतच नाही.

परत वाले आउरेलिया, तिथून ओत्ताविआनो. संत पेत्रुसाच्या चौकात (व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स स्क्वेअरमध्ये) 24 फेब्रुवारीपासून रोज रात्री 9 वाजता रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली, पहिली व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल पारोलिन यांनी चालवली. 6 मार्चला इथेच पोपचा धाप लागलेला स्पॅनिश आवाज ऐकवला गेला. याच चौकाने 2005 च्या ईस्टरला खिडकीत उभ्या जॉन पॉल यांना बोलण्याची धडपड करताना पाहिले होते. शब्द फुटला नाही. चौकातल्या बॅसिलिकासाठी (मोठ्या चर्चसाठी) तपासणीची रांग लागते, सकाळी लवकर आलात तर ती आटोक्यात असते. खांदे, गुडघे झाकलेले हवेत. चौकातली प्रार्थना शिस्तीची होती. जिव्हाळा खरा जेमेल्लीपाशी.

शेवटी तेर्मिनीला उतरून चालत सांता मारिया माज्जोरे, पोप फ्रान्सिस यांची समाधी असलेले चर्च. 21 एप्रिल 2025 ला निधन, 26 ला दफन. समाधीवर फक्त ‘फ्रान्सिस्कुस’, लॅटिन लिपीत, अक्षरांमधले अंतर विचित्र विषम. रांग थांबू देत नाहीत, म्हणून काय पाहायचे ते आधीच लक्षात ठेवून पुढे सरका.