छापण्याआधी विकून पाहिलेली पुस्ती

डावखुऱ्यांसाठी सुलेखनाची पुस्ती काढायची, हे बरीच वर्षं डोक्यात होतं. नेहमीच्या पुस्तीत कित्ता डावीकडे छापलेला असतो आणि गिरवताना डावखुऱ्याचा हात नेमका त्याच्यावरच येतो. अक्षर बघायला हात उचलावा, तर लय जाते. स्पायरल डावीकडे, म्हणजे मनगटाला टोचणार. ओली शाई हाताखाली पुसली जाते ते वेगळंच. मी स्वतः डावखुरी, त्यामुळे उपाय ठाऊक होता: कित्ता उजवीकडे, स्पायरल वरच्या बाजूला आणि शाई लवकर वाळेल पण फुटणार नाही असा कागद. पण प्रेसवाल्याला हजाराच्या खाली प्रती परवडत नव्हत्या, आणि माझ्याखेरीज ही पुस्ती आणखी कोणाला हवी आहे का, याचा मला काहीच अंदाज नव्हता.

पहिला हिशेब सगळेच करतात तो मीही केला. जगात साधारण 10 टक्के माणसं डावखुरी असतात. आकडा ऐकायला छान, कामाला शून्य. त्यातले सुलेखन शिकणारे किती? त्यातले कट निब (चपट्या, कापलेल्या टोकाचं निब) आणि शाईने लिहिणारे किती, कारण मार्करवाल्यांना पुसण्याचा त्रास तेवढा होत नाही? त्यातले नवशिके किती? आणि ज्यांनी कागद तिरका ठेवून आपली वाट आधीच शोधलेली नाही, असे किती? इतक्या चाळण्यांनंतर खाली काय उरतं हे घरबसल्या सांगता येणार नाही, एवढं मात्र कळलं.

मग गूगल ट्रेंड्स बघितलं. तिथला आलेख 0 ते 100 असा सापेक्ष असतो. म्हणजे एखादा शब्द तुलनेने थोडेच लोक शोधत असले, तरी त्या शब्दाचं शिखर 100 वरच दिसतं. मागणी चढते की उतरते, कोणत्या महिन्यात वाढते, एवढ्यापुरतं ते ठीक. त्यापेक्षा कितीतरी जास्त मला डावखुऱ्यांच्या इतर वस्तूंखालचे दोन-तीन तारे दिलेले अभिप्राय वाचून मिळालं. पाच तारेवाले ‘मस्त आहे’ म्हणून मोकळे होतात आणि एक तारावाले बहुधा कुरिअरवर चिडलेले असतात. मधले लोक पैसे मोजून, वस्तू वापरून, नेमकं कुठे अडलं ते लिहितात. तसल्या वस्तू आधीच विकल्या जात आहेत हे पाहून एक मैत्रीण म्हणाली, ‘मग तुझं कोण घेणार?’ मला उलट वाटलं. जिथे कोणीच काही विकत नाही, तिथे बहुतेक वेळा घेणारंही कोणी नसतं.

त्यानंतर माणसांशी बोलायला लागले. ‘अशी पुस्ती निघाली तर घ्याल का?’ असं विचारायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं. त्याला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. होकाराला काही पैसे पडत नाहीत आणि समोरच्याला दुखवणं नको असतं. म्हणून झालेल्या गोष्टींबद्दल विचारायचे. शेवटचं कधी लिहायला बसलात? कुठे अडलं? मग काय केलंत? त्यासाठी काही विकत घेतलंत का? शेवटच्या प्रश्नाला मी फार जपायचे. ज्याने त्रासापायी पदरचे पैसे किंवा निदान एखादी संध्याकाळ खर्च केली आहे, त्याचा त्रास खरा.

उत्तरं मात्र मला हवी होती तशी आली नाहीत. मोठी डावखुरी माणसं बहुतेक सगळी सरावलेली होती. कोणी कागद उजवीकडे जवळजवळ आडवा करून वरून खाली लिहायचं, कोणी उलट्या कोनात कापलेलं डावखुरं निब आणलं होतं, कोणी कित्त्याची झेरॉक्स काढून उजवीकडे चिकटवायचं. कल्पना सर्वांना आवडली, पण अडून कोणीच बसलेलं नव्हतं. खरे अडलेले होते ते सुलेखनाचे वर्ग घेणारे शिक्षक. जवळपास प्रत्येक तुकडीत एखादा तरी डावखुरा निघतो, शिकवणारा स्वतः उजवा असतो आणि त्याचं प्रात्यक्षिक त्या मुलाला उपयोगी पडत नाही. एका बाई दर तुकडीला हाताने वेगळी पानं आखून देत होत्या. वर्षानुवर्षं, स्वतःच्या वेळात. त्यांनी ती पानं दाखवली तेव्हा माझी पुस्ती विकत घेणारं माणूस मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते डावखुरं नव्हतं.

तरीही थेट विक्रीची परीक्षा मी सोडली नाही. वस्तू बनवण्याआधी विकून पाहण्याची चाल जुनी आहे. झॅपोस या ऑनलाइन बूटविक्रीच्या कंपनीच्या निक स्विनमर्नने 1999 मध्ये दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर लावले आणि ऑर्डर आली की दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले. लोक न घालून पाहता बूट घेतात का, एवढंच त्याला बघायचं होतं. सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणारं बफर हे सॉफ्टवेअर तयार होण्याआधी, 2010 मध्ये, त्याचा संस्थापक जोएल गॅस्कॉइनने नुसतं एक वेबपान टाकलं. लोक ईमेल देताहेत हे दिसल्यावर त्याने मध्ये दरांचं आणखी एक पान घातलं, पैसे द्यायचे आहेत हे कळल्यावरही किती जण पुढे येतात ते पाहायला. मला या दुसऱ्या पानाचं महत्त्व फार वाटतं. फुकटच्या यादीत नाव घालणारा आणि दर वाचून पुढे जाणारा, ही दोन वेगळी माणसं असतात.

‘विकत घ्या’ दाबल्यावर ‘वस्तू अजून नाही’ असं सांगणं मला पटत नव्हतं. म्हणून पुस्तीच्या विक्रीसाठी केलेल्या माझ्या वेबपानावर वरच लिहिलं: छपाई व्हायची आहे, ही आगाऊ नोंदणी आहे, ठरलेल्या तारखेपर्यंत पुरेशी नोंदणी झाली नाही तर पूर्ण रक्कम परत. त्याने काही लोक गळाले असतील. गळू देत. जे राहिले त्यांचा होकार तेवढा जास्त भरवशाचा.

पान सुरू करण्याआधी एका कागदावर दोन आकडे लिहून ठेवले: एवढी नोंदणी झाली तर छापायचं, एवढ्याच्या खाली राहिली तर सोडायचं. हे आधी लिहून ठेवावंच लागतं, कारण नंतर मन कुठल्याही आकड्याची बाजू घेतं. ओळखीच्यांना वेगळी लिंक दिली आणि त्यांच्या ऑर्डरी हिशेबात धरल्याच नाहीत. मावशीने तीन प्रती मागवल्या, तिला सुलेखनातलं ओ की ठो कळत नाही.

छोट्या बाजारात एक मोठी पंचाईत असते, ती म्हणजे लहान आकडे. 100 जणांनी पान पाहिलं आणि एकानेही घेतलं नाही, तरी घेणाऱ्यांचं खरं प्रमाण 3 टक्क्यांपर्यंत असू शकतं. याचा एक सोपा नियम आहे: एकही विक्री झाली नसेल, तर 3 ला पाहणाऱ्यांच्या संख्येने भागायचं, साधारण 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. उलट 100 पैकी तिघांनी घेतलं, तर खरा आकडा 1 पासून 8 टक्क्यांपर्यंत कुठेही असेल. म्हणून पहिल्या आठवड्याच्या आकड्यांवर मी ना नाचले, ना रडले. पानाला दोन वेगळे मथळे देऊन कोणता जास्त चालतो ते पाहायचं होतं, ती तुलनाही मोडीत काढली, तेवढी गर्दीच नव्हती.

किमतीसाठी पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाची 1976 ची चार प्रश्नांची पद्धत वापरून पाहिली: कोणत्या किमतीला इतकं महाग वाटेल की घेणारच नाही, कोणत्या किमतीला महाग पण विचार करावासा वाटेल, कोणत्या किमतीला स्वस्तात मिळालं वाटेल आणि कोणत्या किमतीला इतकं स्वस्त की दर्जाचीच शंका येईल. मोजक्या माणसांवर तिचा आलेख काढण्यात अर्थ नाही. पण चौथा प्रश्न कामाचा निघाला. मी ठरवलेली सुरुवातीची किंमत बऱ्याच जणांना साध्या वहीसारखी वाटली, आणि साध्या वहीत शाई फुटते हे त्यांना माहीत होतं. किंमत वाढवल्यावर प्रश्न कमी झाले.

दरम्यान थोड्या प्रती डिजिटल प्रिंटवर काढून, वर हाताने स्पायरल घालून शिक्षकांना दिल्या. फुकट नाही, निम्म्या किमतीला. पाम पायलट हा खिशात मावणारा संगणक बनण्याआधी त्याचा निर्माता जेफ हॉकिन्स म्हणे त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि बैठकीत त्यावर लिहिण्याचं सोंग करायचा. माझ्या प्रती त्या ठोकळ्यापेक्षा बऱ्या होत्या, कारण त्यांच्यावर खरंच लिहिता येत होतं. शिक्षकांनी पहिल्याच वर्गात काय केलं, तर स्पायरल काढून पानं सुटी केली. मुलांना एका वेळी एकच पान द्यायचं असतं, आणि मुख्य म्हणजे सुटं पान हवं तितकं फिरवता येतं. जी वरची स्पायरल मला माझी सगळ्यात हुशार युक्ती वाटत होती, ती कोणालाच नको होती.

मुदत संपली तेव्हा पानावरची नोंदणी माझ्या दोन आकड्यांच्या मध्ये, खालच्याच्या जवळ अडकली. त्या बाजूने पुस्ती छापण्यासारखी नव्हती. शिक्षकांकडून मात्र सुट्या पानांच्या पॅडची आगाऊ मागणी आली होती आणि काहींनी छापून घेता येतील अशी पानं, वर्गात वापरायच्या परवानगीसह, मागितली होती. सगळ्या नोंदणीदारांचे पैसे परत केले आणि सोबत विचारलं, पॅड चालेल का? थोड्यांनी पुन्हा पैसे भरले. पॅडला स्पायरल नाही, शिवण नाही, वरच्या कडेला नुसता डिंक, त्यामुळे लहान प्रेसमध्ये कमी प्रतींतही ते बसलं. पहिली खेप शिक्षकांकडे गेली आहे. आता त्यातलेच दोघे उजव्या मुलांसाठीही असंच सुटं पॅड मागताहेत, आणि त्यांनाही मी आगाऊ रकमेचंच विचारलं आहे.