फळा, खडू आणि बिशप

फळ्यावर लिहायचं म्हणजे वर्गाकडे पाठ करावी लागते, आणि पाठ फिरली की वर्ग आपला राहत नाही. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते, कुठून तरी खडूचा तुकडा सुटतो, आणि आपण 'लघुत्तम साधारण विभाज्य' पुरं लिहीपर्यंत बाजार भरलेला असतो. म्हणून मुरलेले मास्तर तिरके उभे राहतात. अक्षर उतरणीला लागतं, पण नजर पोरांवरून हटत नाही. डी.एड.ला हे कुणी शिकवत नाही, ज्याचं त्याने सोसून शिकायचं असतं.

फळ्याशी असं सलोख्यानं वागणारा माणूस मला शाळेत फारसा भेटला नाही. भेटला तो जुन्या अमेरिकन टीव्हीवर, आणि तोही कोण, तर कॅथलिक बिशप. फुल्टन शीन हे न्यूयॉर्कचे सहायक बिशप. १९५२ ते १९५७ अशी पाच वर्षं ते टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून अर्धा अर्धा तास बोलले. गाणं नाही, नाच नाही, पाहुणा नाही. सोबतीला एक फळा. 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग' हे कार्यक्रमाचं नाव. त्याची जुनी चित्रणं यूट्यूबवर सापडतात आणि झोप उडाली की मी एखादं लावते. त्यात माझी भक्ती नाही, धंद्याची सवय आहे. दुसऱ्याचा तास चोरून ऐकायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

चित्र करडं आणि जरा थरथरतं. त्या काळी कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा. जपून ठेवायचा तर टीव्हीच्या पडद्यासमोरच फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करत. आपण बघतो ती अशी छबीची छबी. मागे पुस्तकांचं कपाट, टेबल, एका बाजूला मरिया आणि बाळ येशूची मूर्ती. तिला शीन 'अवर लेडी ऑफ टेलिव्हिजन' म्हणत. मग ते स्वतः लांब ढांगा टाकत येतात. काळा झगा, खांद्यावरून मागे लोळणारी केप, छातीवर क्रूस, डोक्याच्या मागच्या भागावर टोपी. केप खरी जांभळी, पण करड्या पडद्यावर ती काळ्या रंगाचीच भावंड दिसते. डोळे खोल आणि असे रोखलेले की मोबाइल उशाशी उलटा ठेवावासा वाटतो. टाळ्या थांबतात आणि लगेच भाषण सुरू होत नाही. क्षणभर ते नुसते बघतात. वर्ग शांत झाल्याशिवाय तोंड न उघडणारे आमचे एक हेडसर होते, त्यांची आठवण होते.

कार्यक्रमाला दिलेली वेळ मात्र मरायचीच होती. मंगळवारी रात्री आठ. त्याच वेळी एनबीसी नेटवर्कवर विनोदवीर मिल्टन बर्ल, ज्याला अमेरिका 'मिस्टर टेलिव्हिजन' म्हणत होती. त्याला बघण्यासाठी लोक टीव्हीचा डबा विकत आणत. सीबीएसवर गायक फ्रँक सिनात्रा. या दोघांच्या मध्ये ड्यूमाँट नावाच्या कडक्या नेटवर्कला काहीतरी लावायचं होतं, स्वस्तातलं. १२ फेब्रुवारी १९५२ला बिशप उभे राहिले. एप्रिलमध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा होता. सिनात्राचा कार्यक्रमही त्याच एप्रिलमध्ये बंद झाला, पण त्याचं खापर बिशपवर फोडू नये, सिनात्राचे तेव्हा दिवसच वाईट होते. पुढच्या वर्षी टीव्हीवरची सर्वोत्कृष्ट व्यक्ती म्हणून एमी पुरस्कार शीन यांना मिळाला, तोही ल्युसिल बॉल आणि एडवर्ड मरो यांच्यासारख्या दिग्गजांना मागे टाकून. त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले, मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे बायबलमधली शुभवर्तमानं लिहिणारे चौघे, असं सांगतात. बर्लसुद्धा काही कच्चा नव्हता. त्याच्या कार्यक्रमाला टेक्साको कंपनीचा पैसा होता आणि तिच्या एका पेट्रोलचं नाव होतं 'स्काय चीफ', म्हणजे आभाळातला मालक. आम्हा दोघांचा मालक एकच, असं तो शीन यांच्याबद्दल म्हणे.

आणि शीन यांचा प्रायोजक? अ‍ॅडमिरल कंपनी, टीव्हीचे संच बनवणारी. संसार मोहमाया आहे हे ऐकायला आधी संच घ्या, असा हिशेब. मला यात ढोंग दिसत नाही, कारण मानधन शीन स्वतःकडे ठेवत नसत. ते परदेशातल्या मिशनना पैसा पुरवणाऱ्या संस्थेचे अमेरिकेतले प्रमुख होते आणि रक्कम तिकडे जात असे.

मूळचा हा माणूस मास्तर. वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी दोन दशकांहून जास्त तत्त्वज्ञान शिकवलं. १९३०पासून रेडिओवरही बोलत होते. रेडिओवर कागद बघून वाचलं तरी कुणाला कळत नाही. टीव्हीवर डोळे खाली गेले की माणूस हरला. शीन यांच्या हातात कागद नसे, पुढे मजकूर सरकवणारं यंत्रही नसे. तयारी मात्र अफाट. एका भाषणाला जवळपास तीस तास. शेवटी तेच भाषण एका ओळखीच्या माणसाला इटालियनमध्ये आणि दुसऱ्याला फ्रेंचमध्ये सांगून बघत. परक्या भाषेत जिथे अडखळेल तिथे विचारच कच्चा आहे, हे ओळखण्याची ही युक्ती. मी हे वाचलं तेव्हा थक्क झाले. आम्ही पाठटाचणं काढायचो ती बहुतेक वेळा साहेब तपासणीला येणार म्हणून.

आता फळा. वर कोपऱ्यात ते आधी येशू, मरिया आणि योसेफ यांची आद्याक्षरं लिहीत आणि मग खाली आपल्या मुद्द्याचे दोनचार शब्द, एखादी रेघ, एखादं चित्र. चित्रकला यथातथाच, आणि तिची थट्टा ते स्वतःच करत. फळा भरला की बोलत बोलत दुसरीकडे जात. कॅमेरा त्यांच्या मागे. आणि परत येत तेव्हा फळा कोरा! नाटकगृहातला एक कामगार कॅमेऱ्याची पाठ फिरताच पुढे होऊन फळा पुसून टाकी. शीन प्रेक्षकांना सांगत, हे माझ्या देवदूताचं काम. लोक हसत, आणि पुढच्या मंगळवारी देवदूताची वाट बघत. गंमत अशी की यात लपवलेलं काहीच नाही. कुणीतरी पुसतो हे लहान पोरालाही कळतं. पण एका पुसण्याच्या कामातून त्यांनी पाच वर्षांचा विनोद काढला आणि प्रत्येक वेळी डस्टर शोधण्यात जाणारा वेळही वाचवला. त्या हाताला पडद्यावर यायची परवानगी नव्हती एवढंच.

नारदीय कीर्तन ऐकलेल्या माणसाला हा सगळा प्रकार ओळखीचा वाटेल. बुवा पूर्वरंगात अभंग लावून धरतात, अवघड जागा आली की चटकन एक किस्सा सोडतात, हशा पिकला की त्याच हशावर पुढचा चरण चढवतात. शीन नेमकं तेच करतात. आधी दोन विनोद, मग विषय, मग आवाज हळू हळू खाली, आणि शेवटाला हात पसरून असा काही चढा सूर की केपचं टोक थरथरतं. घड्याळाकडे डोळा असतोच. थेट प्रक्षेपण असूनही गाडी बरोबर वेळेवर फलाटाला लागते. निरोपाला 'गॉड लव्ह यू'.

बोलत काय होते? धर्मसिद्धान्त फार कमी. भीती, अपराधीपण, दारू, नवरा-बायकोचं भांडण, हाताबाहेर गेलेली मुलं. ऐकणाऱ्यांत प्रोटेस्टंट आणि ज्यूही पुष्कळ होते. प्रेक्षकांचे आकडे एक कोटीपासून तीन कोटींपर्यंत सांगितले जातात. शीन सगळ्यांना पटेल तिथून निघत आणि देवापर्यंत येत येत अर्धा तास संपे. सगळंच मला आवडतं असं नाही. मनोविश्लेषक फ्रॉइडला ते ज्या सहजतेने निकालात काढतात ती मास्तरांची जुनी लबाडी आहे, समोर नसलेल्या माणसाशी वाद घालून जिंकायचं. बायकांविषयीचं बोलणं तर आज ऐकवत नाही, असे भाग मी मध्येच बंद करते. आणि कम्युनिझम! तो विषय निघाला की विनोद आटतात आणि उरतो तो शीतयुद्धातला प्रचारक.

त्यातलाच एक भाग सगळ्यांत गाजला. फेब्रुवारी १९५३मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मधला अंत्ययात्रेचा प्रवेश म्हणून दाखवला, पण पात्रांची नावं बदलून. सीझरच्या जागी स्टालिन, बाकीच्यांच्या जागी त्याचे सहकारी बेरिया, मालेन्कोव्ह, विशिन्स्की. स्टालिनलाही एक दिवस न्यायाला सामोरं जावं लागेल, असं बजावलं. काही दिवसांतच स्टालिनला पक्षाघात झाला आणि ५ मार्चला तो गेला. मग काय, वर्तमानपत्रांना सोन्याचा दिवस. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या मरणाला भविष्यवाणी कशाला लागते, हे विचारणारा तेव्हा कुणी असेलच, पण त्याचं ऐकतो कोण.

एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. या कार्यक्रमात मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली मुख्य उपासना, नव्हती. वेदी नाही, मेणबत्त्या नाहीत, भाकर आणि द्राक्षारसाचा परमप्रसाद नाही. टीव्हीवर मिस्सा दाखवावी का, हा तेव्हा चर्चमध्ये खरा वादाचा मुद्दा होता. १९४८च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधून मध्यरात्रीची मिस्सा टीव्हीवर गेली. फ्रान्समध्ये तेव्हा घरोघरी संच नव्हतेच, असून असून काही हजार. तिच्यामागे रेमाँ पिशार हे डॉमिनिकन संघाचे फादर होते आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुरू केलेला 'ल जूर द्यू सेन्यर' हा रविवारचा कार्यक्रम अजून चालू आहे. उलट जर्मन धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांनी १९५३मध्ये लिहून विरोध केला. पवित्र रहस्य असं वाटेल त्याच्या दिवाणखान्यात, वाटेल तशा बसलेल्या माणसासमोर उघडं टाकायचं नसतं, हा त्यांचा रोख. पोप बारावे पायस मात्र टीव्हीकडे आशेनं बघत होते. १९५८मध्ये त्यांनी असिसीच्या संत क्लाराला टीव्हीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केलं. तेराव्या शतकातली ही संन्यासिनी नाताळच्या रात्री आजारी पडून होती, मिस्सेला जाता आलं नाही, तर दूरच्या चर्चमधला सगळा विधी तिला आपल्या खोलीतच दिसला आणि ऐकू आला, अशी आख्यायिका. ज्याने कुणी ही निवड सुचवली त्याला माझा नमस्कार. इतकी चपखल नेमणूक सरकारी खात्यात कधी होत नाही.

मुंबईत १९६४मध्ये ओव्हल मैदानावर युखारिस्तिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचं जागतिक अधिवेशन, भरली, पोप सहावे पॉल आले, तेव्हा मुंबईला टीव्ही नव्हताच. तो आला २ ऑक्टोबर १९७२ला. माझ्या शाळेतली एक मैत्रीण वसईची, तिला पोप दाखवायला आईनं कडेवर घेऊन नेलं होतं. तिच्या आठवणीत पोप नाहीत, कुणाचा तरी घामेजलेला पांढरा सदरा आहे. हीच मैत्रीण २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलवर मिस्सा बघत होती. इस्त्रीची साडी नेसून, मोबाइल स्टुलावर टेकवून. उभं राहायचं तिथे उभी, गुडघे टेकायचे तिथे गुडघ्यांवर. नवरा आतून चहाचा कप घेऊन डोकावला तर त्याला तिनं नजरेनंच हाकललं. "परमप्रसादाची वेळ आली तेव्हा काय करावं कळेना गं," ती म्हणाली. "उठले, दोन पावलं पुढे गेले, आणि पुढे तर शोकेस."

रानर यांचं म्हणणं मला तेव्हा जरा पटलं, वेगळ्या कारणाने. विधीला अंग लागतं, रांग लागते, शेजारच्याचा घाम लागतो. पडद्यावर विधी उणाच पडतो. बोलणाऱ्या माणसाचं तसं नाही. त्याला पडद्यावर काही कमी पडत नाही, उलट सगळे पहिल्या बाकावर येऊन बसतात. शीन यांना हे उमगलेलं असावं, नाहीतर अख्खं चर्च हाताशी असताना कुणी फळा का निवडेल.

मात्र पहिला बाक म्हणजे सगळी शाळा नव्हे. ड्यूमाँट बुडायला लागलं तेव्हा १९५५मध्ये शीन एबीसीकडे गेले आणि १९५७मध्ये ऐन भरात असताना कार्यक्रम बंद झाला. न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्याशी पैशांवरून वाजलं होतं. निमित्त काय, तर गरिबांना वाटायची दूध भुकटी. प्रकरण पोपपर्यंत गेलं आणि शीन यांची बाजू खरी ठरली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. वरिष्ठाला खोटं पाडून कुणाचं भलं झालंय? १९६१मध्ये ते दुसऱ्या मालिकेतून परत आले, तोच फळा घेऊन, पण आता मंगळवार पूर्वीसारखा त्यांचा राहिला नव्हता. १९६६मध्ये त्यांना रोचेस्टरचे बिशप करून पाठवलं, म्हणजे आमच्या भाषेत चांगल्या शिक्षकाला मुख्याध्यापक केलं. तिथे त्यांनी एक चर्च, इमारत आणि जागेसकट, गरिबांच्या घरांसाठी सरकारला देऊन टाकायचं ठरवलं. हेतू उत्तम, फक्त तिथल्या लोकांना विचारायचं राहिलं. लोक चिडले, फादर मंडळी चिडली, बेत मागे घ्यावा लागला. १९६९मध्ये राजीनामा देऊन ते न्यूयॉर्कला परतले आणि १९७९च्या डिसेंबरात वारले, तोवर बोलावतील तिथे जाऊन बोलत होते.