बोल्ट आवळण्याची वेळ

मेस्त्रींनी पहारीचे टोक माझ्या गाडीचा लोअर आर्म (चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि चासी (गाडीचा सांगाडा) यांच्या मध्ये घालून हलकेच रेटले, आणि त्या सांध्यातल्या बुशचे, म्हणजे नळीभोवती बसवलेल्या रबरी तुकड्याचे, रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटून काडी जाईल एवढी फट दिसली.

गेले दोन महिने चोर्ला घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या बाजूने 'ठक्' असा एकच आवाज येई, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग किंचित भरकटे आणि टायरची आतली कड झिजू लागली होती. तरीही एका गॅरेजने शॉक अ‍ॅब्सॉर्बरच बदलायला लावले, याचे आज फार वाईट वाटले.

जुना बुश प्रेसवर दाबून काढायला पाऊण तास लागला. नवा बसवल्यावर मेस्त्रींनी बोल्ट हातानेच फिरवून तसाच सोडला. मी पाना पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "थांबा, आधी गाडी आपल्या पायांवर उभी राहू दे."

गाडी जॅकवर असताना आर्म खाली लोंबकळतो. त्याच स्थितीत बोल्ट आवळला, तर चाके टेकताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही अकाली फाटतो, कारण रबरी बुश फिरत नाही, तो स्वतः पीळ खाऊनच आर्मची हालचाल सोसतो.

चाके जमिनीवर टेकवून, बॉनेट दोन-तीनदा दाबून, मगच त्यांनी टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) हातात घेऊन बोल्ट आवळला आणि नंतर मला चाकांच्या अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, पाठवले.

तुमच्या गाडीचे बुश बदलले, तेव्हा बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले होते, हे तुम्ही पाहिले होते का?