ग्लुकोज सेन्सर: बफरमधून रक्तात जाताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ग्लुकोज सेन्सर घेतला तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांनी विचारलं, ग्लुकोमीटर तर सांगलीत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो, तू नवीन काय करणार? खरंच होतं ते. मला नवीन काही शोधायचं नव्हतंच. घरी आईच्या बोटाला सुई टोचल्यावर त्या पट्टीत नक्की काय होतं, ते हाताने करून बघायचं होतं.

मूळ कल्पना क्लार्क आणि लायन्स यांची, १९६२ ची. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम इलेक्ट्रोडला चिकटवून ठेवायचं. ते ग्लुकोजचं ऑक्सिडेशन करतं, त्यात ऑक्सिजन खर्च होतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. क्लार्क यांच्या रचनेत घटलेला ऑक्सिजन मोजायचे, आम्ही पेरॉक्साइड मोजणार होतो. साखर जास्त तर पेरॉक्साइड जास्त, म्हणून करंटही जास्त.

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ गेला घासण्यात. ग्लासी कार्बनच्या, म्हणजे काचेसारख्या कडक कार्बनच्या, इलेक्ट्रोडला टोकाशी ३ मिलिमीटरचा काळा ठिपका असतो. ओल्या पॅडवर ॲल्युमिना पावडर घ्यायची, आधी १ मायक्रॉनची, मग ०.३ ची, शेवटी ०.०५ ची, आणि इलेक्ट्रोड उभा धरून इंग्रजी आठ काढत फिरवत राहायचं. जरा तिरका धरला की कड झिजते. लॅबमधले मामा एकदा जाता जाता म्हणाले, "अजून किती घासतीयास? गुळगुळीत झालंय की!" डोळ्यांना गुळगुळीत दिसून भागत नाही. फेरीसायनाइडच्या द्रावणात सीव्ही काढायची, म्हणजे व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंटचा आलेख घ्यायचा, आणि त्यातल्या दोन पीकमधलं अंतर बघायचं. आदर्श अंतर ५९ मिलिव्होल्ट. ते ऐंशीच्या आसपास आलं की सर "चालेल" म्हणायचे. त्याहून जास्त असलं की पुन्हा पॅड.

ग्लुकोजचं द्रावण आदल्या दिवशी करून रात्रभर ठेवावं लागतं. ग्लुकोजच्या रेणूची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात. पावडरमध्ये बहुतेक अल्फा रूप असतं, एन्झाइम बीटा रूपावर चालतं. पाण्यात दोन्हींचं प्रमाण साधारण ३६ आणि ६४ टक्क्यांवर स्थिरावलं की मगच आकडे भरवशाचे. ताजं द्रावण वापरलं तर रीडिंग सरकत राहतं.

बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात, ग्लुकोज आणि करंटची सरळ रेषा मिळाली, ग्राफ छान दिसला. खरी परीक्षा रक्ताची.

पेरॉक्साइड मोजायला ०.६-०.७ व्होल्ट लावावे लागतात. त्या व्होल्टेजला रक्तातलं युरिक ॲसिड, व्हिटॅमिन सी, पेशंटने घेतलेली पॅरासिटामॉल, सगळेच इलेक्ट्रॉन देऊन मोकळे होतात. करंट वाढतो, साखर मात्र तेवढीच असते. यावर दोन उपाय केले. प्रशियन ब्लू या निळ्या लोहसंयुगाचा पातळ थर बसवला. त्याच्यावर पेरॉक्साइड शून्य व्होल्टच्या आसपासच मोजता येतं, तिथे ही मंडळी बहुतेक गप्प बसतात. वर नाफिऑन या पॉलिमरचा थर दिला. त्याच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे युरेट आणि ॲस्कॉर्बेट आयन दूर राहतात. थर जाड झाला तर ग्लुकोजही उशिरा पोचतं, म्हणून किती मायक्रोलिटर टाकायचं यावर बरीच डोकेफोड झाली.

रक्ताचे नमुने मिळवणं हे वेगळंच प्रकरण. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि फॉर्म बरेच असतात. शेवटी मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबकडून नाव-गाव काढून टाकलेला उरलेला प्लाझ्मा मिळाला, फ्लोराइडच्या, म्हणजे राखाडी झाकणाच्या ट्यूबमधला. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. मग सेन्सर कितीही चांगला असला तरी उपयोग काय!

प्लाझ्मा दहापट पातळ करून घेतला. त्यामुळे १२६ मिलिग्रॅमची, म्हणजे ७ मिलिमोलरची साखर ०.७ मिलिमोलरवर येते आणि आमच्या सरळ रेषेत बसते. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन इलेक्ट्रोडला चिकटतं, तेही कमी होतं, पण थांबत नाही. दुपारपर्यंत तोच इलेक्ट्रोड सकाळपेक्षा कमी करंट द्यायचा. म्हणून प्रत्येक नमुन्यात माहीत असलेलं ग्लुकोज थोडं थोडं घालून मोजलं, म्हणजे त्या वेळी इलेक्ट्रोड किती ग्लुकोजला किती करंट देतोय ते तिथेच कळतं.

बहुतेक आकडे लॅबच्या आकड्यांच्या पंधरा टक्क्यांच्या आत आले. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकात १०० मिलिग्रॅमपासून पुढे एवढीच सूट आहे, तीही ९५ टक्के रीडिंगना. व्हायवात एक्स्टर्नलनी विचारलं, "पट्टी टिकते वर्षभर, तुमचा सेन्सर किती दिवस?" मी सांगितलं, फ्रीजमध्ये ठेवला तर दोनेक आठवडे. ते हसले आणि पुढचा प्रश्न विचारला.

यंदा ज्युनिअरला युरिक ॲसिडचा सेन्सर दिलाय. मी ज्याला बाहेर ठेवायला धडपडले, तेच त्याला मोजायचंय. नाफिऑन लावू नकोस, एवढं सांगून ठेवलंय.