कोल्हापूरचा लेपॉन आणि गड्ड्यावरचे सिंह

कोल्हापूर म्हटलं की आपण तांबडा-पांढरा, चप्पल आणि पैलवान एवढ्यावर थांबतो, पण बिबट्या आणि सिंहीण यांच्या संकराची जगातली पहिली कागदोपत्री नोंद कोल्हापूरची आहे हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. १९१० साली. नर बिबट्या, मादी सिंहीण, दोन पिल्लं. एक अडीच महिन्यातच मेलं आणि त्याचं कातडं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांनी पोकॉक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे पाठवलं. पोकॉकने १९१२ मध्ये त्यावर लिहिलं तेव्हा दुसरं पिल्लू जिवंत होतं. या प्राण्याला लेपॉन म्हणतात, म्हणजे लेपर्ड आणि लायन मिळून.

पुढे हा उद्योग जपानने मनावर घेतला. कोशिएनच्या हानशिन पार्कमध्ये १९५९ आणि १९६१ मध्ये मिळून पाच लेपॉन झाले, लोक बघायला तोबा गर्दी करायचे आणि शेवटचा १९८५ ला मेला. बिबट्या आणि सिंहिणीच्या आकारातला फरक बघा, त्यांची जोडी आपणहून जमत नाही, लहानपणापासून एकत्र वाढवावी लागते. त्यातून निघाले पाच प्राणी आणि वंश तिथंच खलास.

हा विषय डोक्यात आला तो बार्शीच्या वाघामुळे. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ दिसला, यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला, मग तो बार्शी तालुक्यात फिरायला लागला, सोलापूर जिल्ह्यात वाघ म्हटल्यावर काय, चहाच्या टपरीपासून एसटी स्टँडपर्यंत दुसरा विषयच नाही. माझे मामा बार्शीकडचे. ते फोनवर ठामपणे म्हणाले, "अरे तो वाघ नव्हं, क्रॉस हाय. वाघ आन् बिबट्याचा." मी म्हटलं, "मामा, तसं नसतंय ओ, वन खात्याने पट्टे जुळवून सांगितलंय की तो टिपेश्वरचा वाघ आहे." तर म्हणाले, "तुला काय कळतंय, क्रॉस जास्त ताकदीचा असतोय." ब्रिटिश काळातल्या शिकाऱ्यांनीही वाघ-बिबट्याच्या अशा संकराच्या गोष्टी लिहून ठेवल्यात, डोगला म्हणायचे त्याला, पण हातात धरून दाखवावा असा पुरावा कधी आला नाही. जंगलात वाघाला बिबट्या भेटला तर बिबट्या झाड गाठतो, लग्न नाही करत.

मामांचं डोकं हायब्रीड ज्वारीत अडकलंय. मालदांडीपेक्षा हायब्रीडला उतारा जास्त, म्हणून जनावरही क्रॉस केलं की सरस होणार असा सरळ हिशोब. आणि लायगरचे रील्स बघितले तर कुणालाही तसंच वाटेल. लायगर म्हणजे बाप सिंह, आई वाघीण. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या हर्क्युलिस नावाच्या लायगरचं वजन गिनीजवाल्यांनी ४१८.२ किलो नोंदवलंय, म्हणजे चांगल्या मोठ्या सिंहाच्या जवळपास दुप्पट!

पण तो एवढा वाढतो कशाने, तर ब्रेक नसल्याने. शास्त्रज्ञांचं म्हणणं साधारण असं, सिंहांच्या कळपात एका मादीशी एकापेक्षा जास्त नर जुळू शकतात, त्यामुळे प्रत्येक बापाची जनुकं "माझं पिल्लू मोठं होऊ दे" असा जोर लावतात आणि सिंहिणीची जनुकं तो जोर आवरतात, नाहीतर तिचाच जीव जायचा. वाघ एकटा राहणारा, तिथं ही ओढाताणच नाही, म्हणून वाघिणीकडे तो आवर घालणारा भाग तेवढा जोरदार नसतो. मग सिंहाचा ॲक्सिलेटर आहे आणि समोर ब्रेक नाही, पिल्लू वाढतच जातं. उलटी जोडी लावली, बाप वाघ आणि आई सिंहीण, तर टायगॉन होतो आणि तो आईबापाएवढाच किंवा लहान राहतो. म्हणजे ताकद वगैरे काही नाही, हिशोब चुकलाय फक्त. शिवाय नर वांझ निघतात, माद्यांना कधीकधी पिल्लं होतात.

त्या "कधीकधी"चा प्रयोग आपल्याकडे पण झालाय. कलकत्त्याच्या अलिपूर झूमध्ये रुद्राणी नावाची टायगॉन मादी होती, १९७१ चा जन्म, तिची देबब्रत नावाच्या गीरच्या सिंहाशी जोडी लावली आणि तिला सात पिल्लं झाली, त्यांना लिटिगॉन म्हणायचे. त्यातला क्युबानाकान नावाचा नर किमान ३६३ किलोचा, साडेतीन मीटर लांब, जगातला सगळ्यात मोठा मांजरवर्गी प्राणी म्हणून त्याची जाहिरात व्हायची. १९९१ ला गेला. पण त्याआधीच, १९८५ मध्ये, भारतात असा संकर करण्यावर बंदी आली होती. मला यात कलकत्त्याचा अभिमान वाटावा की कीव यावी हे अजून ठरत नाहीये, पण बंदी उशिरा का होईना आली हे चांगलंच झालं. अमेरिकेने खाजगी लोकांनी असे प्राणी पाळण्यावर आणि पिल्लं हाताळायला देण्यावर कायदा केला तो थेट डिसेंबर २०२२ ला, आणि त्यात संकरित पण धरलेत.

आता खरी गोष्ट. लायगर आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष बघितलेला नसणार, पण संकरित सिंह मात्र माझ्या पिढीच्या बऱ्याच सोलापूरकरांनी बघितलाय आणि त्याला टाळ्या पण वाजवल्यात. कुठे? सर्कशीत. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला तंबू पडायचा, नंदीध्वजाची मिरवणूक झाली की आमची वरात तिकडं, आणि रिंगमास्टर चाबूक वाजवतोय आणि स्टुलावर बसलेला सिंह जांभई देतोय हे बघून आम्ही ओरडायचो. तेव्हा कुणाला माहीत होतं की देशातल्या सर्कशीतले बरेचसे सिंह ना धड गीरचे ना धड आफ्रिकेचे. सर्कसवाल्यांनी जो मिळेल तो सिंह जो मिळेल त्या सिंहिणीला लावला, पिढ्यानपिढ्या, आणि वर जवळच्या नात्यातच. दिसायला सिंहच, लायगरसारखं काही विचित्र नाही, म्हणून कुणी प्रश्नही विचारला नाही.

आणि हा घोळ झूमध्ये घुसला. चंदीगडजवळच्या छतबीर झूमध्ये गीरच्या सिंहांत सर्कशीचे सिंह मिसळले आणि पुढची पिढी अशक्त निघाली, प्रतिकारशक्ती कमी, मागचे पाय लटपटते, धडाधड मेले. शेवटी नसबंदी करून पैदास थांबवायला लागली. अमेरिकेत तर अजून मोठी फजिती झाली, तिथल्या झूंनी आशियाई, म्हणजे आपला गीरचा सिंह वाचवायचा मोठा कार्यक्रम काढला होता आणि १९८७ च्या सुमारास तपासणीत कळलं की ज्या पाच सिंहांपासून सगळी सुरुवात झाली त्यातले दोन आफ्रिकी वंशाचे. सगळं मुसळ केरात. गीरमध्ये एकेकाळी मोजके सिंह उरले होते, तिथून जपून जपून २०२५ च्या गणनेत ८९१ पर्यंत आलेत, त्यांच्यात हे मिसळलं असतं तर वेगळं करणार कसं?

सर्कशीत वाघ-सिंहांचे खेळ बंद करायची अधिसूचना १९९८ ची, सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ ला सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. मग शेकड्यात प्राणी उरले. जंगलात सोडायचा प्रश्नच नाही, शिकार येत नाही आणि रक्त मिसळलेलं. विशाखापट्टणम, तिरुपती, बन्नेरघट्टा, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी रेस्क्यू सेंटरं काढली आणि ते तिथं म्हातारे झाले. पिल्लं होऊ द्यायची नाहीत, मरेपर्यंत खायला घालायचं, एवढाच कार्यक्रम. काही लोक याला क्रूर म्हणतात. मला तरी हेच बरं वाटतं, कारण अजून पिल्लं झाली असती तर ती पण पिंजऱ्यातच गेली असती.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मग झूमधला खरा कुठला ते वळखायचं कसं?" खात्रीने डीएनएच सांगतो, पण नुसत्या डोळ्यांनी बघायचं तर पोटाखाली बघायचं. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली लांबट कातडीची घडी लोंबत असते आणि डोक्यावरची आयाळ विरळ असल्याने कान उघडे दिसतात. आफ्रिकेच्या सिंहाला ती घडी सहसा नसते, आयाळ इतकी दाट की कान त्यात बुडतात. संकरित असेल तर यातलं अर्धं असतं, अर्धं नसतं, त्यामुळे पाटीवर आशियाई लिहिलेलं असलं तरी घडी दिसेपर्यंत तो कूस वळायची वाट बघत उभं राहायचं.